हाताचा वास घेणारी पंचफुलामावशी

पंचफुलामावशी माणसाच्या हाताचा वास घेते. अगदी खरोखर. घरात तान्हं मूल असलं, की आल्यागेल्याचं मनगट धरते आणि बोटं थेट नाकाशी नेते. साबणाचा वास आला तर, "जाय, घे लेकराले." नाही आला तर मोरीकडे बोट. आमच्या मनूच्या बारशाला माझे साहेब आले होते. कोचिंग क्लासचे मालक, अमरावतीभर त्यांच्या फोटोचे बॅनर. मावशीनं त्यांनाही हुंगलं. "अत्तर लावलं हाये बापा, धुतले नाही." साहेब निमूट मोरीत गेले. पुढे महिनाभर मी त्यांच्यासमोर उभा राहायचं टाळत होतो.

मावशी आमची शेजारीण. सकाळी मेथी अन् सांभार, म्हणजे कोथिंबीर, विकते, दुपारी मोकळी. शिक्षण चौथी. मी मात्र क्लासमध्ये बायोलॉजी शिकवतो. आतड्याची आकृती डोळे मिटून काढतो. तिला नावं देतो, बाण दाखवतो.

मागच्या उन्हाळ्यात बायको एका दिवसासाठी ऑफिसच्या कामाला अकोल्याला गेली आणि अकरा महिन्यांच्या मनूला सकाळपासून पातळ जुलाब सुरू झाले. मी शास्त्रीय विचार केला. एक, दात येत असणार. दोन, पाणी पोटात गेलंच नाही, तर बाहेर येईल कुठून? म्हणून पाणी बंद. आपण बायोलॉजीवाले असल्याचं मला बरं वाटलं.

दुपारी मावशी हात धुऊन आत आली. मनू माझ्या खांद्यावर मलूल पडली होती.

"काय झालं रे पोट्टीले?"

"जुलाब. दात येताहेत."

"दात तोंडात येतेत, मास्तर. तू कुठं पाहून राहिला?"

सकाळपासून किती वेळा झालं ते मी सांगितलं. पाणी बंद केल्याचंही, जरा अभिमानानं. मला वाटलं, आता शिव्या पडणार. पण तिनं मनूची चड्डी चाचपली.

"शू कवा केली इनं?"

मला आठवेना. म्हणजे अंगातलं पाणीच आटत चाललं होतं.

घरात ओआरएसच्या, म्हणजे मीठ-साखरेच्या पुड्या होत्या. मी धावत जाऊन एकीतली अर्धी पेलाभर पाण्यात ढवळून आणली. मावशीनं तो पेला मोरीत ओतला. "पुडीवर लिवलं हाये ना, लीटरभर पाणी अन् अख्खी पुडी? मले चौथीत वाचता येते. तुले काहून नाही येत?"

उकळून गार केलेल्या पाण्याच्या लीटरभर बाटलीत तिनं नवी पुडी विरघळवली, बाटली काखेत मारली आणि म्हणाली, "ऑटो बोलाव." दवाखान्यापर्यंत ती मनूला चमच्या-चमच्यानं पाजत होती. मनू एकदा ओकली. मावशी थोडी थांबली आणि पुन्हा सुरू.

डॉक्टरांनी तपासलं. झिंकच्या गोळ्या चौदा दिवस द्यायला सांगितल्या. म्हणाले, हेच पाणी पाजत राहा, आईचं दूध, मऊ भात काही बंद करू नका, आणि सध्या इथेच बसा. बाकावर बसून आम्ही तेच केलं. तासाभरानं मनूनं मावशीची मांडी भिजवली.

"मुतली! मास्तर, मुतली पोट्टी!" मावशी एवढ्यानं ओरडली की सगळा दवाखाना वळून पाहायला लागला. मी टाळ्या वाजवल्या. अशा गोष्टीला टाळ्या वाजवेन असं मला कधी वाटलं नव्हतं.

"मावशी, लुगडं भिजलं. द्या तिला इकडे."

"राहू दे." तिनं मनूला आणखी जवळ घेतलं. मग खाली पाहत म्हणाली, "माह्या पयल्या लेकरानं आखरीले दिवसभर शू नाही केली. मले वाटलं, हागवण थांबली, बरं झालं."

"पाणी...?"

"मीच बंद केलं होतं. पाणी पाजाचं असते, हे कोणी सांगतलं नोतं."

माझ्या तोंडून एवढंच निघालं, "नाव काय होतं त्याचं?"

मावशी चमकली. चमच्यातलं पाणी सांडलं.

"नाव? बापा, किती सालानं कोणी इचारलं." तिनं चमचा पुन्हा भरला. "गजानन." मनूनं घोट घेतला. मावशी हळूच, जणू स्वतःलाच ऐकू यावं म्हणून, पुन्हा म्हणाली, "गजानन."