धावले ते बूट

“धनाजीराव नाही धावले. त्यांचे बूट धावले,” मुकुंदराव म्हणाले आणि त्यांनी पोह्यांवर लिंबू असं पिळलं, की बी उडून थेट नीराबाईंच्या चहात पडली.

नीराबाईंनी चमच्याने बी काढली. “बुटांत पाय कुणाचे होते?”

“पायांचं काय घेऊन बसलीस! आत कार्बनची पट्टी असते. खाली हा एवढा जाड फोम. पाऊल टेकलं की पट्टी वाकते आणि सरळ होताना माणसाला पुढं ढकलते. जगात हल्ली सगळे विक्रम असेच मोडतायत. याला धावणं नाही म्हणत.”

“बरं. ते पट्टीनं पुढं गेले. पण गेल्या वर्षीपेक्षा तुम्हाला जास्त वेळ लागला, तो कशानं?”

मुकुंदरावांनी पोह्यांत चमचा खुपसला. खरं दुखणं तेच होतं. नंदेसरीच्या एका रसायनांच्या कारखान्यात ते प्रयोगशाळा सांभाळत. या उन्हाळ्यात त्यांना डावलून बढती मिळाली ती त्यांनीच शिकवून तयार केलेल्या माणसाला. सकाळी जिना उतरताना गुडघे कुरकुरत. एकेक करून सगळेच त्यांना मागे टाकून निघाले होते. पुढे राहण्याची एकच जागा उरली होती, ती म्हणजे फतेगंजच्या धावणाऱ्या मंडळींची वार्षिक शर्यत. तिथेही या वर्षी शेजारचे धनाजीराव, जे इतकी वर्षं धापा टाकत मागून यायचे, ते नारिंगी बूट घालून त्यांच्या शेजारून गेले. जाताना “येतो हं, मुकुंदराव!” असंही म्हणाले.

तेव्हापासून मुकुंदरावांनी बुटांचा विषय सोडला नव्हता. गंमत अशी, की धनाजीरावांना त्याचा राग येत नसे. बायको गेल्यापासून ते एकटेच राहत. मुलगा शौर्य दुबईला. दर दिवाळीला येतो म्हणायचा, आणि यायचा नाही. गेल्या दिवाळीला त्याच्याऐवजी बूट आले. धनाजीरावांनी ते दिवाणखान्यातल्या काचेच्या कपाटात ठेवले होते, बायकोच्या फोटोशेजारी. “बूट धावले” असं कुणी म्हटलं, की त्यांचा चेहरा उजळायचा. “हो ने!” ते आपल्या गुजराती वळणाच्या मराठीत म्हणायचे. “शौर्यनंच पळवलं मला.”

शेवटी एका रविवारी सेवउसळ खाताना मंडळींचे प्रमुख पिलाजीराव वैतागले. “बस ने आता, मुकुंदराव! उसळ गोड लागू देत नाही तुम्ही. तुमच्या दोघांचं माप एकच ने? मग पुढच्या रविवारी बूट बदला आणि धावा. बूट खरे की माणूस खरा, कळून जाईल.”

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मुकुंदराव हो म्हणून बसले.

रविवारी पहाटे धनाजीरावांनी बूट स्वतःच्या हाताने मुकुंदरावांच्या पायांत चढवले. लग्नात जावयाचे पाय धुवावेत तसे ते खाली बसले होते. “नाडी फार आवळू नका. आणि चिखलातनं नेऊ नका हं.” मग मुकुंदरावांचे टाचा झिजलेले जुने बूट त्यांनी निमूटपणे पायांत घातले.

फतेगंजहून कमाटीबागेवरून खंडेराव मार्केट आणि परत, असा रस्ता ठरला होता. मुकुंदराव निघाले आणि त्यांना काही सुचेना. पाय आपोआप उचलले जात होते. गुडघे गप्प होते. पट्टी वाकतेय, सरळ होतेय, आपल्याला ढकलतेय, हे त्यांना तळव्यात स्पष्ट कळत होतं. कमाटीबाग येईपर्यंत धनाजीराव दिसेनासे झाले. कित्येक महिन्यांत त्यांना इतकं बरं वाटलं नव्हतं.

मार्केटचे घुमट दिसू लागले आणि त्यांच्या मनात एक विचार आला. आपण जिंकलो, तर लोक म्हणणार, बूट जिंकले. आपणच तर महिनाभर सगळ्यांना तसं पढवलंय! आणि हरलो तर? तर एवढे बूट घालूनही हरले, असं होणार. म्हणजे या शर्यतीत आपल्याला जिंकायची सोयच नाही. हा सापळा दुसऱ्या कुणी नाही, आपणच लावलाय.

या विचारात असताना भाजीच्या टेम्पोपाशी वळण आलं. खाली कोबीची ओली पानं पडली होती. जाड फोम एका बाजूला कलला, दुसऱ्या बाजूला मुकुंदराव गेले, आणि एका पोत्याला धडकून वांग्यांच्या राशीत बसले.

“काका, वाग्युं तो नथी ने?” भाजीवाली धावत आली. काकांना चांगलंच लागलं होतं. घोटा बघता बघता सुजला. पण त्यांचं लक्ष बुटाकडे होतं. टाचेपासून तळ उकलून लोंबत होता आणि आतून पट्टी डोकावत होती.

पट्टी पुठ्ठ्याची होती. काळा रंग दिलेला, पाण्याने भिजून फुगलेला, खोक्याचा पुठ्ठा. एका कडेचा रंग गेला होता आणि तिथे छत्रीचं अर्धं चित्र दिसत होतं. माल पावसापासून जपा, म्हणून छापतात ते.

मुकुंदराव बघत राहिले. म्हणजे फतेगंजपासून इथवर आपण आलो ते आपल्या पायांनी. शर्यतीत धनाजीराव आले तेही त्यांच्याच पायांनी. आणि शौर्यनं...

“काय झालं? बुटाला काय झालं?” धनाजीराव धापा टाकत आले. धावताना ते चष्मा लावत नसत. “म्हणजे, पायाला काय झालं?”

मुकुंदरावांनी तळ मुठीत दाबून धरला. एक वाक्य बोललं की धनाजीरावांची जीत खरी ठरणार होती, आणि आजची आपलीही. त्यांनी वर पाहिलं. धनाजीराव डोळे बारीक करून त्या नारिंगी चिंधीकडे बघत होते.

“कार्बनची पट्टी तुटली,” मुकुंदराव म्हणाले.

“खरी होती?”

“मी जन्म प्रयोगशाळेत काढलाय, धनाजीराव. उत्तम प्रतीचा कार्बन. पण हात लावू नका, तुटल्यावर कुसळं जातात. मी नंदेसरीला नेऊन विल्हेवाट लावतो.”

रिक्षातून दोघं परतले, तेव्हा मंडळी वाटच बघत होती. “पुढं कोण होतं?” पिलाजीरावांनी विचारलं.

“मुकुंदराव! मला तर दिसतही नव्हते,” धनाजीरावांनी अभिमानानं सांगितलं. “शौर्यचे बूट ने!”

“म्हणजे सिद्ध झालं,” पिलाजीराव म्हणाले. “मुकुंदरावांचं बरोबर होतं. माणसात काही नसतं, सगळं बुटात.”

सगळे हसले. मुकुंदरावांनी मान डोलावली. घोट्यापेक्षा ती डोलावतानाच जास्त दुखलं.

घरी पिशवीतला बूट नीराबाईंच्या हाती लागला. “हे काय?”

“कार्बन.”

“छत्रीचं चित्र असलेला?”

“हो.”

 नीराबाईंनी बूट पुन्हा पिशवीत घालून तिला गाठ मारली आणि आंबेहळद उगाळायला घेतली. त्या दिवशी दुसरा चहा न मागता आला.

गोष्ट इथे संपली असती. पण बूट तुटल्याचं धनाजीरावांनी दुबईला कळवलं, आणि पावसाळा सरता सरता दोन खोकी आली. एक धनाजीरावांचं. दुसऱ्यावर ‘मुकुंदकाका’ लिहिलेलं.

“तुमच्यासाठी पण पाठवलेत!” धनाजीराव दुसरं खोकं पुढं करत म्हणाले. “पोरगं माझंच, पण बघा, तुमचीसुद्धा आठवण ठेवली.”

मुकुंदरावांनी तळ अंगठ्याने दाबून पाहिला. आत काहीतरी मऊपणे वाकलं आणि तसंच वाकलेलं राहिलं. “फार छान आहेत,” ते म्हणाले.

पुढच्या वर्षीच्या शर्यतीला दोघं नारिंगी बूट घालून शेजारी उभे राहिले. धनाजीराव सुटले ते बाणासारखे. मुकुंदराव मात्र प्रत्येक पावलाला, आत पुठ्ठा आहे, आत पुठ्ठा आहे, असं मनात म्हणत धावले. गुडघे कुरकुरत होते, घोटा बोलत होता. ते पोचले तेव्हा मंडळींची सेवउसळ खाऊन झाली होती, आणि पिलाजीराव कुणाला तरी सांगत होते, “एवढे बूट घालूनसुद्धा बघा!”

धनाजीराव उठून जवळ आले. त्यांनी मुकुंदरावांच्या खांद्यावर हात ठेवला आणि हळूच, त्यांना वाईट वाटू नये अशा बेताने म्हणाले, “मनाला लावून घेऊ नका, मुकुंदराव. मी काल शौर्यला फोनवर विचारलं. तो म्हणाला, ही टेक्नॉलॉजी सगळ्यांना लागू पडत नाही. काहींना फायदा होतो, काहींना नाही होत.”

मुकुंदराव खाली बसून नाड्या सोडू लागले.

“खरं आहे,” ते म्हणाले. “तुम्हाला पडते लागू.”