दुसऱ्या भागात कोणी थांबत नाही

माणसाने जेवताना तोंडाचा उपयोग फक्त जेवण्यासाठी करावा, हे शहाणपण मला वयाच्या बावन्नाव्या वर्षी आलं. त्या रविवारी घास गिळून गप्प बसायचं सोडून मी म्हणालो, "भांडू नका रे. निकाल मी देतो."

भांडण माझी मुलगी आणि माझा मेहुणा यांच्यात होतं. विषय होता कॉम्प्युटरवरचा एक गेम. त्याचा पहिला भाग चांगला की नुकताच आलेला दुसरा, यावरून मामा-भाची तावातावाने बोलत होते.

"पहिल्याची सर दुसऱ्याला नाही," मेहुणा म्हणाला. (हा लिफ्ट दुरुस्त करतो. बटण दाबलं की काम झालं पाहिजे, एवढीच त्याची जगाकडून अपेक्षा.)

"मामा, पहिल्यात घोडा झाडावर चढतो!"

"चढू दे की! तुझ्या दुसऱ्यात घोडा दमतो. दमलेली माणसं घरात काय कमी आहेत?"

माझी पाच दिवसांची रजा शिल्लक होती आणि ती वाया जाणार होती. सरकारी माणूस जेवण वाया घालवेल, रजा नाही. मी ठरवलं, दोन्ही भाग स्वतः खेळायचे आणि शुक्रवारी संध्याकाळी निःपक्षपाती निकाल द्यायचा. मी पाणीपुरवठा कार्यालयात आवक-जावक विभागात कारकून आहे. सत्तावीस वर्षं दोन बाजूंचे कागद पाहतोय, त्यामुळे तुलना म्हणजे आपल्या हातचा मळ, असा माझा समज होता.

मुलीने जेवणाच्या टेबलावर तिचा लॅपटॉप मांडून दिला. "हे ओपन वर्ल्ड असतं, बाबा. मोकळं जग. वाटेल तिथे जा, वाटेल ते करा, कोणी विचारणार नाही."

(लग्नानंतर हे वाक्य मी पहिल्यांदाच ऐकत होतो.)

सोमवारी सकाळी कामावर निघताना बायकोने माझ्या हातात एक खाकी पाकीट दिलं. ती एका शाळेच्या ग्रंथालयात सोळा वर्षं सहाय्यक आहे. म्हणजे काम सगळं ती करते आणि सही दुसरं कोणीतरी करतं. शहरातल्या मोठ्या ग्रंथालयात ग्रंथपालाची जागा निघाली होती आणि पाकिटात तिचा अर्ज होता.

"अहो, शुक्रवारी पाचच्या आत पोचला पाहिजे. ते कार्यालय माझ्याच वेळेत उघडतं आणि माझ्याच वेळेत बंद होतं, नाहीतर मीच गेले असते. तुम्ही घरीच आहात ना?"

"आत्ता जातो," मी म्हणालो. आणि खरंच जाणार होतो. पण आमच्या टेबलाला वर काच आहे. काचेवर माऊस घसरतो, बाण भलतीकडेच जातो. माऊसखाली काहीतरी खरखरीत हवं होतं. पाकीट अगदी मापाचं निघालं.

पहिल्या भागात मी एका गावात उतरलो. तिथे ज्या माणसाचं काही काम अडलेलं असतं, त्याच्या डोक्यावर पिवळं उद्गारचिन्ह तरंगत असतं. गिरणीवाल्याचं गाढव हरवलेलं. एका म्हातारीला डोंगरावरचा औषधी पाला हवा. लोहाराला हातोडी. मला नाही म्हणता येत नाही. (कार्यालयात येतं, पण तिथे पगार मिळतो.) सगळ्यांना हो म्हणून मी मासे पकडायला निघून गेलो. चार डोंगर फिरून गेममधल्या आठ दिवसांनी परतलो, तर गिरणीवाला त्याच जागी, त्याच हसऱ्या तोंडाने उभा! "माझं गाढव सापडलं का?" ना चिडला, ना साहेबांकडे गेला, ना स्मरणपत्र पाठवलं. असा अर्जदार मला सत्तावीस वर्षांत भेटला नव्हता. खरं सांगतो, डोळ्यांत पाणी आलं.

दुपारी बायकोचा फोन आला.

"झालं का काम?"

"कुठलं? अजून गाढव सापडलं नाही."

"कोण गाढव?"

"गिरणीवाल्याचं. आणि म्हातारीचाही पाला आणायचाय."

"कुठल्या म्हातारीचा? अहो, मी पाकिटाचं विचारतेय."

"हां हां, ते होय! ते माझ्या हाताखालीच आहे. कार्यवाही सुरू आहे."

मग ती "बरं" म्हणाली आणि फोन ठेवला. मला वाटलं, समाधान झालं.

बुधवारपर्यंत मी पहिला भाग मनोमन विजयी ठरवून टाकला होता. गुरुवारी कर्तव्य म्हणून दुसरा उघडला. दिसायला देखणा, यात वाद नाही. गवताची पाती सुटी सुटी दिसत होती. पण कोणाच्याच डोक्यावर चिन्ह नाही! कोणाचं काय अडलंय ते आपण जवळ जाऊन, थांबून, ऐकून घ्यायचं. ही कुठली पद्धत? शेवटी एका कुंभारणीने मला पत्र दिलं. "नदीपलीकडे माझ्या बहिणीला एवढं पोचव. पुराच्या आत."

"आत्ता जातो," असं लिहिलेलं बटण मी दाबलं. मग वाटेत अळंबी दिसली. मग लांडगा. मग घोडा दमला (मेहुणा खरं बोलत होता), म्हणून धर्मशाळेत तीन दिवस झोप काढली. शुक्रवारी दुपारी कुंभारणीकडे फेरी मारली, तर दाराला कुलूप, भट्टी थंड. शेजारीण म्हणाली, "ती? वाट बघून बघून शेवटी आपली आपणच गेली."

मी खवळलो. मुलगी नुकतीच कॉलेजातून आली होती, तिला हाक मारली. "अगं, हा गेम बिघडलाय! काम देणारी बाईच निघून गेली! पत्र इथे माझ्या झोळीत आहे!"

"बिघडला नाही, बाबा. तीच तर गंमत आहे. पहिल्यात सगळे जन्मभर तुमच्यासाठी उभे राहतात. दुसऱ्या भागात कोणी थांबत नाही. त्यांनाही त्यांचं आयुष्य आहे ना."

मी हसणार होतो, पण माझी नजर माझ्या हातावर गेली. हाताखाली माऊस होता आणि माऊसखाली पाकीट. भिंतीवर चार वाजून वीस मिनिटं झाली होती.

सोळा वर्षं डोळ्यांसमोरून सरकली. माझी नव्हे, बायकोची. स्कूटरचं चाक बसलं होतं (हवा भरायचं सोमवारी ठरलं होतं), म्हणून पळत सुटलो. बावन्नाव्या वर्षी पळणं म्हणजे जोरात चालणं आणि तोंड उघडं ठेवणं. ग्रंथालयाच्या खिडकीशी पोचलो तेव्हा एका पायात माझी चप्पल होती, दुसऱ्यात तिची.

खिडकीतला कारकून कुलूप शोधत होता. "वेळ संपली."

"पाचला चार मिनिटं कमी आहेत!"

"तुमच्या घड्याळात."

(हे वाक्य मी आजवर किती जणांना ऐकवलंय! पलीकडून ऐकायला ते इतकं वाईट लागतं, याची कल्पना नव्हती.)

"साहेब, हात जोडतो. बायकोच्या नोकरीचा प्रश्न आहे."

त्याने पाकीट दोन बोटांत धरलं. "हा चहाचा डाग आहे."

"शिक्का समजा."

तो हसला असावा. शिक्का मारला, पोच दिली. त्या 'ठप्प' आवाजाइतकं गोड काही मी ऐकलं नाही. घरी येईपर्यंत छाती पुन्हा फुगली होती.

बायको घरी आलेली होती. तिने विचारलं, "दिलं का पाकीट?"

"म्हणजे काय! सोमवारीच. पहिलं काम तेच केलं."

"असं? मग मंगळवारी सकाळी मी तुमच्या माऊसखालून काय काढलं?"

मुलगी उठून आत गेली. ती समजूतदार आहे.

"अर्ध्या दिवसाची रजा टाकली आणि मीच देऊन आले. तुमचा माऊस अडखळू नये म्हणून त्याच मापाचं दुसरं पाकीट ठेवलं. कपाटात होतं एक."

"अगं, मग बोलली का नाहीस?"

"बोलले असते तर 'उद्या नक्की' म्हणाला असतात. मला नोकरी हवी होती, तुमची परीक्षा नको होती."

हे ती रागाने म्हणाली असती तर बरं झालं असतं. ती सहज म्हणाली आणि मला चहा दिला. मला मनापासून लाज वाटली. तसं मी तिला सांगितलंही, आणि खोटं बोललो तेही कबूल केलं. "त्या पाकिटात काय होतं?" हे विचारायचं मात्र राहूनच गेलं.

शुक्रवारचा निकाल मी रविवारी दिला: दुसरा भाग श्रेष्ठ. मेहुणा म्हणाला, "भाऊजी, तुम्ही घरच्या दबावाखाली निकाल दिलात." मी ते नाकारलं नाही.

बायकोची मुलाखत झाली, निवड झाली. पहिल्या दिवशी ती स्वतःच्या नावाने सही करून आली तेव्हा मला इतका आनंद झाला की मी स्कूटरमध्ये हवा भरून आणली. त्याच आठवड्यात ग्रंथालयाचं एक पत्र माझ्या नावाने आलं. तिने ते मोठ्याने वाचलं.

"'आपला अर्ज मुदतीत मिळाला. मात्र सोबत केवळ आपल्या पोटाच्या सोनोग्राफीचा अहवाल असून, त्यात यकृतावर चरबी आढळल्याने बसून राहणे टाळावे, असा सल्ला आहे. ग्रंथपालाचे काम बैठे असल्याने आपला विचार करता येत नाही. तथापि, पुस्तकांचे गठ्ठे चार मजले वर नेण्यासाठी एका माणसाची गरज आहे. ते काम आपल्या प्रकृतीस हितकर ठरेल. इच्छा असल्यास नव्या ग्रंथपाल बाईंना समक्ष भेटावे.'"

नव्या ग्रंथपाल बाई समोरच बसल्या होत्या. त्यांनी पत्राची नीट घडी घातली आणि चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं.

"ती जागा कालच भरली," त्या म्हणाल्या.