बन्सीभाऊंचं पंच्याऐंशी

बन्सीभाऊंनी आमच्या स्वयंपाकघरातल्या गाजराचा ऑक्सिजन मोजला, त्या दिवसापासून मी त्यांना जरा दचकूनच असते. मी हलव्यासाठी गाजरं किसत होते. भाऊ दुरुस्त केलेला मिक्सर परत द्यायला आले होते. त्यांनी खिशातून बोटाला लावायचा तो चिमटा काढला, एका गाजराला लावला आणि गाजर हळूहळू हलवू लागले. चिमट्यावर आकडा उमटला : पंच्याऐंशी. मी किसणी खाली ठेवली.

"भाऊ, गाजर जिवंत आहे?"

"गाजर न्हाई वहिनी, मशीन बावचळली. आकडा बोलून राह्यला, पर खरं बोलून राह्यला का, ते बघायला पायजे ना!"

बाळांनो, बन्सीभाऊ आमच्या समोरच्या घरात राहतात. चार पिढ्यांपूर्वी राजस्थानातून जालन्यात आलेलं हे घराणं. त्यांचे दोघे भाऊ बियाण्यांच्या व्यापारात. हे मात्र जन्मभर स्कूटरवर पेटी बांधून दवाखाने फिरले. रोग्याला भूल दिल्यावर त्याची नाडी, श्वास, रक्तदाब दाखवणारी यंत्रं असतात ना, ती दुरुस्त करायची. आज वय सत्तरीला टेकलंय, पेटी सुटलेली नाही.

गाजराचा खुलासा त्यांनी मला चहा निवेपर्यंत केला. चिमट्यात दोन दिवे असतात, एक लाल आणि एक डोळ्यांना न दिसणारा. दोन्हींचा उजेड बोटातून पलीकडे जातो. प्राणवायू भरलेलं रक्त लाल उजेड बराचसा जाऊ देतं, रिकामं रक्त तो गिळून टाकतं. नाडीच्या प्रत्येक ठोक्याला दोन उजेडांत किती किती फरक पडला, त्यावरून यंत्र आकडा काढतं. पण बोटच हललं की दोन्ही उजेड सारखेच हलतात, आणि तेव्हा उत्तर येतं पंच्याऐंशीच्या आसपास. "म्हंजे मशीन म्हणती, मला कायबी समजून न्हाई राह्यलं."

तेव्हा मला कळलं की भाऊ माणसांनाही पंच्याऐंशी का म्हणतात. बँकेतला नवा साहेब पंच्याऐंशी. लग्नपत्रिकेवर तारीख छापायला विसरलेला त्यांचा साडू पक्का पंच्याऐंशी. एकदा मी कपाळावर चष्मा ठेवून घरभर चष्मा शोधत होते, तर दारातूनच ओरडले, "वहिनी, पंच्याऐंशी!" तीस वर्षं मी इंग्रजीचे पेपर तपासले. मला असे गुण कोणी दिले नव्हते.

त्यांच्या पत्नी कमलाभाभी. त्या म्हणतात, "बियाण्याच्या घरात चालले असं वाटलं व्हतं. निघाला वायरवाला!"

गेल्या थंडीत भाभींच्या पित्ताशयात खडे निघाले आणि ऑपरेशन ठरलं. दोन दिवस आधी भाभी काय करून बसल्या असतील? दोन्ही हातांना आणि पायांना काळी मेंदी, वीसच्या वीस नखांसकट! कारण विचारलं तर म्हणाल्या, "समाजातल्या बाया भेटायला येतील. दवाखान्यात कोरे हात घेऊन झोपू का?"

भाऊ पांढरेफटक पडले. "अहो, काळ्या नखातून उजेड जाईल का? चिमटा आंधळा होऊन जाईल!"

संध्याकाळी मी कढी द्यायला गेले आणि उंबऱ्यातच थिजले. भाऊ डोळ्याला भिंग लावून बारीक पॉलिश पेपरनं बायकोचं नख घासत होते. डाव्या हाताचं मधलं बोट. भाभी किंचाळत होत्या, "बोट हाये, पाना न्हाई!"

"हलू नका, बिलकुल हलू नका."

"लग्नात एवढा येळ हात धरला न्हाई ह्या माणसानं!"

ऑपरेशनच्या सकाळी भाऊ थिएटरच्या दारापर्यंत गेले. डॉक्टर मायेनं म्हणाले, "काका, मशीन तुमच्याच हातची आहे. पण आज तुम्ही नातेवाईक." दार लागलं. मी सोबतीला आले होते; आम्ही दोघं बाहेरच्या बाकावर बसलो.

दाराच्या फटीतून यंत्राचा आवाज येत होता. नाडीच्या प्रत्येक ठोक्याला एक टिंव. रक्तातला प्राणवायू घसरला की हा सूरही खाली उतरतो, हे भाऊंनीच मला कधीतरी सांगितलं होतं. त्यांनी दाराला कान लावला, मग परत येऊन बसले.

"वहिनी, सूर उतरला का?"

"मला काय विचारता? तुम्ही जाणकार."

ते जमिनीकडे बघत म्हणाले, "मला ऐकू येऊन न्हाई राह्यलं. दोन वर्षं झाली, बारीक सूर गेला. कोणाला बोललो न्हाई. कळलं तर मशीनला हात कोण लावू देईल?"

गावभरच्या यंत्रांचं खोटं पकडणारा माणूस! मी म्हटलं, "सूर वरच आहे." आणि त्याच क्षणी आवाज बंद पडला.

माझ्या तोंडून निघून गेलं, "थांबला!"

भाऊंनी बाक घट्ट धरला. "उतरत उतरत थांबला, का एकदम?"

"एकदम."

"मंग बीपीचा पट्टा फुगला. उजव्या हाताला सलाईन असंल, म्हणून पट्टा डाव्या हाताला. चिमटाबी तिथंच, मीच ते बोट साफ केलं. दंड आवळला की बोटात रक्त जात न्हाई. पाच-पाच मिनिटाला फुगतो तो. मोजा."

मी मोजू लागले. सव्विसाव्याला टिंव परत आलं. भाऊंचं म्हणणं अगदी बरोबर होतं, पण बाकावरची पकड त्यांनी सोडली नव्हती.

मग त्यांनी एक तळहात माझ्यापुढे धरला. "तोंडानं सांगू नका. तोंडाला लिहाज असतो, वाईट बोलायला कचरतं. इथं बोट मारा, ठोक्याला ठोका."

भर दवाखान्यात परपुरुषाच्या तळहातावर बोट आपटत मी बसले. जाणाऱ्या-येणाऱ्या नर्सेस बघत होत्या. भाऊंनी डोळे मिटले होते. हळूहळू दुसऱ्या हाताची बाकावरची पकड सैल झाली.

तेवढ्यात आवाज पुन्हा एकदम थांबला. कारण मला माहीत होतं. तरी त्या मिटलेल्या डोळ्यांकडे बघून माझं बोट थांबेना. ठोका नव्हता आणि मी ठोके देत राहिले, टिंव परत येईपर्यंत. त्यानंतर जितक्यांदा आवाज थांबला, तितक्यांदा तेच केलं. जन्मात एवढी लबाडी मी केली नव्हती.

तासाभरानं डॉक्टर बाहेर आले. सगळं नीट पार पडलं होतं. भाऊंनी त्यांना हात जोडले, मग रुमालानं तोंड पुसलं आणि माझ्याकडे वळले.

"वहिनी, दर पाच मिनिटाला पट्टा फुगून राह्यला व्हता. तुमचं बोट काही थांबलं न्हाई."

माझे कान तापले. "कळत होतं, तर बोलला का नाहीत?"

"चालू राह्यलं," ते म्हणाले, "तर बरं वाटून राह्यलं व्हतं."