कचराबाईची नावनिशी

समस्त मातापित्यांस अत्यंत गंभीरपणे कळवण्यात येते की, आपल्या अपत्यांची नावे आपण कितीही हौसेने, पंचांग पाहून आणि आत्याला नवे लुगडे नेसवून ठेवलेली असली, तरी ती कचराबाईच्या पाळणाघराबाहेर चपलांसारखी काढून ठेवावीत. आत आणल्यास त्यांची जी विटंबना होईल, तिला कारखाना जबाबदार राहणार नाही.

अशी पाटी तिथे कुणी लावली नव्हती. मी लावायला हवी होती, कारण पुढचा सगळा घोळ मीच घातला.

गोंदियात रेल्वेच्या रुळांपलीकडे एक बिडी कारखाना होता. राज्याची राजधानी तेव्हा नागपूर होती, माझं वय बावीस होतं, आणि मी त्या कारखान्यात हजेरी कारकून होतो. बाया मांडीवर सूप घेऊन दिवसभर बिड्या वळायच्या. त्यांच्या तान्ह्या पोरांसाठी जागा ठेवा, असा नवा कायदा आला, तेव्हा आमच्या मुनीमजींनी कायद्याचा पूर्ण मान राखला. तंबाखूची पोती ठेवायची टिनाची खोली रिकामी केली आणि पोत्यांच्या जागी पोरं ठेवली. आडव्या बांबूला जुन्या लुगड्यांच्या अठरा झोळ्या बांधल्या आणि राखणीला कचराबाई नेमली. माझं टेबल आणि ती खोली यांच्यामध्ये बांबूचा एक तट्टा होता, बस्स. त्या तट्ट्याला जितकी भोकं होती तितकं माझं शिक्षण झालं.

कचराबाई साठीची, काटकुळी, कपाळावर हिरवं गोंदण. जगात कधी काही चांगलं होईल यावर तिचा विश्वास नव्हता, आणि तसं कुणी सुचवलेलंही तिला आवडायचं नाही. लोक सकाळी राम राम म्हणतात. ती म्हणायची, "काई खरं नाई, बाबू."

"काय झालं, बाई?"

"अजून नाई झालं. होईन."

पोर शिंकलं की ती म्हणायची, "गेलं!" पोर हसलं की, "हास, हास. राती लडशीन." एकाला पहिला दात आला म्हणून त्याची आई नाचत दाखवायला आली, तर ही म्हणाली, "आला का? आता किडन." एक पोरगी तट्ट्याला धरून पहिलं पाऊल टाकत होती. आम्ही चार कारकून टाळ्या वाजवत होतो. कचराबाई कपाळाला हात लावून बसली होती. "चालाले लागली. आता पडन. काई खरं नाई."

पण तिची खरी दहशत पोरांना नव्हती, त्यांच्या आयांना होती. दूध पाजायची सुट्टी झाली की बाया धावत यायच्या, आणि ही दारात आडवी. "हात दाव." मग प्रत्येकीचा तळवा नाकाशी धरून वास घ्यायची. तंबाखूचा नुसता संशय आला तरी राखेच्या ढिगाकडे बोट. बाई कोपरापर्यंत हात घासून परत यायची, पुन्हा वास, पुन्हा राख. सुट्टी अर्धी तिथेच संपायची.

"अवं, बोटंच सोलून निघतीन माहे!"

"निघू दे. तमाखूचं बोट तोंडात गेलं तं लेकरू वकते. त्याचं आतडं काई बिडी नोहे."

तिला आणखी एक सवय होती, जिच्यावर माझा कितीतरी दिवस विश्वास बसला नाही. पाळणाघरं पोरांना झोपवण्यासाठी असतात, असा माझा समज. हिच्याकडे सकाळी सकाळी एखादं पोर गाढ झोपलेलं आलं, की ही त्याच्या तळपायावर टिचक्या मारून त्याला उठवायची. ते किंचाळलं की मग हिचा जीव खाली पडायचा. कारण काही बाया पोर शांत राहावं म्हणून मोहरीएवढी अफू चाटवून आणायच्या. म्हणून हिला रडणारं पोर चालायचं, निजलेलं चालायचं नाही. अठरा पोरं एकदम रडत असली की तट्ट्यापलीकडून तिचा जवळजवळ समाधानी आवाज यायचा, "सारे हायेत."

आता नावांकडे येतो. शकुंतलेला ती 'शेंबडी' म्हणायची. रमेश 'बेंडक्या', कलावती 'गोबरी', देवकीनंदन 'नकट्या'. आणि फुलचूरहून रोज पायी येणाऱ्या अनुसयेचा जो पोरगा होता, त्याला 'सडक्या'.

या सडक्याचं मूळ नाव विक्रमादित्य. त्याचा बाप दिवाळीनंतर गावोगावी भरणाऱ्या मंडईच्या जत्रांतल्या नाटकांत राजाची कामं करायचा. घरात राज्य नव्हतं, म्हणून निदान नावात आणलं. आठव्या महिन्यात जन्मलेलं ते पोर, मान अजून धरत नव्हतं, सुपातल्या पानांच्या चळतीएवढं वजन. त्याला रोज सकाळी झोळीत टाकताना कचराबाई टिपेच्या आवाजात ओरडायची, "आला रे सडक्या! कोनाले पाह्यजे हा सडक्या? फुकट देऊन रायली!"

"ओ बाई," अनुसया उसळायची, "माह्या पोराले सडक्या काऊन म्हनता? त्याच्या बापानं केवढ्या हौसेनं नाव ठेवलं!"

"मंग सडका नाई तं का हाये? पाय ना त्याचं तोंड!"

"तुमचं तोंड पाहा आदी!"

"माहं तं हायेच कचरा," म्हातारी शांतपणे म्हणायची. "तू जा, हात धुऊन ये."

असा हा खेळ चालला होता, आणि मी तट्ट्याला डोळा लावून फुकटात बघत होतो. मग नागपूरहून पत्र आलं. पाळणाघर तपासायला इन्स्पेक्टर बाई येणार, पोरांची नावनिशी तयार ठेवा. मुनीमजींनी कोरी वही माझ्यापुढे टाकली. "बाबू, बुढिया से पूछकर लिख डालो."

मी विचारलं. कचराबाई म्हणाली, "मले खरी नावं नाई मालूम." आणि तिने बोटांवर मोजत मोजत तिची नावं सांगितली. मी हजेरीच्या पुस्तकात डोकावलो असतो, चार बायांना विचारलं असतं, तर तासाभराचं काम होतं. पण बावीस वर्षांच्या माणसाला चेव येतो तो नेमका अशा वेळी. मी टाक नवा घेतला, रेघा आखल्या, आणि माझ्या वळणदार अक्षरात लिहिलं: एक, शेंबडी. दोन, बेंडक्या. असं करत अठरा, सडक्या. खाली सही केली. मला वाटलं होतं, वही कोण उघडून वाचणार आहे?

इन्स्पेक्टर बाईंनी उघडून वाचली. मोठ्याने. पांढरं पातळ, चष्मा, पुण्याकडची स्वच्छ वाणी. "शेंबडी कोण?" त्यांनी विचारलं. कुणी हललं नाही. "बेंडक्या?" एक पोर रांगत पुढे आलं. बाईंचा चेहरा असा झाला, की मी टेबलाखाली काहीतरी पडलं असल्यासारखा वाकलो आणि तिथेच राहिलो.

"मुनीमजी, हे पाळणाघर आहे की गुरांचा कोंडवाडा?"

मुनीमजींचा पारा टोपीपर्यंत चढला. त्यांनी वही माझ्याकडे फेकली नाही, कचराबाईकडे फेकली. तेवढ्यात अनुसया आपलं सूप घेऊनच आत घुसली, आणि इतक्या दिवसांचं साठलेलं सगळं इन्स्पेक्टर बाईंपुढे ओतून मोकळी झाली. "मॅडम, माह्या पोराचं नाव विक्रमादित्य हाये. हे म्हातारी त्याले रोज सडक्या म्हनते. रोज!"

हुकूम तिथल्या तिथे सुटला. यापुढे प्रत्येक मुलाला त्याच्या खऱ्या नावाने हाक मारायची. महिन्याभराने बाई पुन्हा येतील. तोवर म्हातारीला सगळी नावं पाठ नसली, एकही चुकलं, तर दुसरी बाई नेमायची. मी टेबलाखालून बाहेर आलो, तेव्हा कचराबाई वही उचलून पदराने पुसत होती. तिला ती वाचताही येत नव्हती.

दुसऱ्या दिवसापासून तट्ट्यापलीकडे जे सुरू झालं, त्याने मला काम सुचेना. काहीच सुरू झालं नाही. वाईट नावं घ्यायची बंदी, आणि चांगली ती घेईना. पोरांना बोलवायला नुसती 'च्यक च्यक' करायची, चुटकी वाजवायची. रांगणारी पोरं मागे वळून वळून बघायची, कुणी हाक मारतं का. दारात हात हुंगायची ती मात्र चालूच होती, पण न बोलता. सकाळी "काई खरं नाई"सुद्धा बंद. मी मुद्दाम विचारलं, "बाई, आज काय होईल?" ती झोळीला झोका देत राहिली.

एका दुपारी ती झोळ्यांखाली भाकर घेऊन बसली होती. मी माझा डबा घेऊन तट्ट्याच्या त्या बाजूला गेलो. माफी मागायला गेलो होतो, पण मागता येईना, म्हणून विचारलं, "बाई, खरी नावं घेतली तर काय बिघडतं?"

"माह्या मायले माह्याआदी चार झाल्या, बाबू. लक्ष्मी, गोदावरी, सोनबत्ती, राजकुवर. पाहा ना, कशी नावं! चारी गेल्या. एक डोरे उघडून नाई रायली. मंग मी झाली. तं सुइनीनं मले उचललं अन् उकंड्यावर नेऊन टाकलं. मायनं सूपभर कोंडा देऊन मले तिच्यापासून इकत घेतलं. नाव ठेवलं कचरा. नेनारा आला असन, पाहून गेला असन. कचरा कोन नेते?"

"म्हणजे नावाने वाचलीस की!" मी हुशारीने म्हणालो.

ती भाकरीचा तुकडा बोटांत फिरवत राहिली. "वाचली म्हनता? माय गेली, बाप गेला, मालक गेला. पाठची बहीन नाई, पोटचं कोनी नाई. बाजूच्या घरच्या तीन पिढ्या सरल्या. मी हाओच. त्या नेनाऱ्याच्या ध्यानातच नाई मी."

त्या क्षणी मला तिच्या नावांचा हिशेब कळला. शेंबडी गुटगुटीत होती, म्हणून तिचं नुसत्या शेंबडावर भागलं. नकट्याला अधूनमधून ताप यायचा, म्हणून त्याचं नाक गेलं. जे पोर जितकं अशक्त, त्याचं नाव तितकं घाण. सडक्याच्या पलीकडे तिच्याकडे नाव उरलं नव्हतं.

आणि महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात त्यालाच जुलाब लागले. अनुसयेने दोन दिवस घरी ठेवला, तिसऱ्या दिवशी घेऊन आली. दवाखान्याची बाटली होती, पण डोळे खोल गेले होते, आणि रडताना आवाज निघत नव्हता. कचराबाईने त्याला झोळीत टाकलं नाही. मांडीवर घेतला, तो संध्याकाळपर्यंत. भाताची पेज बोटाने थेंब थेंब त्याच्या ओठांत सोडायची. तळपायाला टिचकी मारायची. बोलत काही नव्हती. ओठ मात्र हलायचे, आणि मध्येच ती तोंडावर पदर दाबायची, जणू काही निसटेल.

त्याच्या दुसऱ्याच दिवशी इन्स्पेक्टर बाई आल्या.

खोलीत मुनीमजी, बाई, वही घेऊन मी, आणि दूध पाजायच्या सुट्टीला आलेल्या सगळ्या बाया दारात. राखेने पांढरे झालेले हात पुढे धरून अनुसया सर्वांच्या पुढे. कचराबाई खाली बसलेली, मांडीवर ते पोर.

"हं, सांगा नावं," इन्स्पेक्टर बाई म्हणाल्या. आवाज रागाचा नव्हता.

म्हातारीने एकेका पोराकडे बघत सांगायला सुरुवात केली. "शकुंतला." आणि बाजूला हळूच 'थू' केलं. "रमेश. थू. कलावती. थू. देवकीनंदन. थू."

"अहो, थुंकू नका!"

ती थांबली नाही. सतरा नावं, एकही चुकलं नाही, एकदाही अडखळली नाही. मला वहीकडे बघायचं धाडस होईना. ज्या बाईला नावं ठाऊक नाहीत असं तिने सांगितलं होतं, आणि मी हसत हसत लिहून घेतलं होतं, तिला ती सगळी पहिल्या दिवसापासून पाठ होती.

मग ती अठराव्यापाशी आली.

तिने मांडीवर पाहिलं. ओठ उघडले, मिटले. पुन्हा उघडले.

"बोलो, बुढिया, एक ही बाकी है," मुनीमजी म्हणाले. आवाज उतरला होता. त्यांनाही बहुतेक ती जायला नको होती.

"येत नाही का हे नाव?" इन्स्पेक्टर बाईंनी विचारलं.

"येते जी."

"मग घ्या ना. नाहीतर मला तसं लिहावं लागेल."

"लिवा," कचराबाई म्हणाली. "हे मी नाई घेत. मी जातो घरी." आणि तिने पोराला पदराखाली ओढून घेतलं, तोंडासकट, कुणाला दिसू नये असं.

खोलीत अठरा पोरं होती आणि एकही रडत नव्हतं. इन्स्पेक्टर बाईंनी पेनचं टोपण काढलं. तेवढ्यात दारातून अनुसया धावली. म्हातारीच्या पुढ्यात धपकन बसली, ते राखेचे हात तिने म्हातारीच्या पायांवर ठेवले आणि साऱ्या कारखान्याला ऐकू जाईल अशी ओरडली:

"सडक्या म्हना ना वं, माय! जोरानं म्हना! मॅडम, माह्या पोराचं नाव सडक्याच हाये, लिवा तुमच्या वहीत!"