डॉक्टर रमझींची वायर

डॉक्टर रमझींनी लाकडी पेटीतून ती वायर काढली तेव्हा हिल्मीमास्तरांना वाटलं, बागेला पाणी घालायचा पाइप असावा. मनगटाएवढी जाड, निळ्या विणीची, आणि टोकाला चिनी मातीच्या कपाएवढा प्लग.

"एवढी मोठी कशाला आणलीस?" मास्तर म्हणाले. "बाल्कनीत तर तुझ्या दोनच कुंड्या आहेत."

"अ‍ॅम्प्लिफायरची वायर आहे ही," रमझी पेटी मिटत म्हणाले. "आत चांदी आहे. हिच्यातून वीज गाळून येते."

"रमझी, वीज आस्वानच्या धरणापासून हजार किलोमीटर साध्या तारांवरून लोंबकळत येते. आणि शेवटच्या दीड मीटरमध्ये तिला शिस्त लागते?"

"तुला कान नाहीत, त्याला मी काय करू?"

हा वाद त्यांच्यात नेहमीचाच होता. मास्तरांनी अलेक्झांड्रियातल्या सरकारी शाळेत चौतीस वर्षं भौतिकशास्त्र शिकवलं होतं. डॉक्टरांनी चाळीस वर्षं त्याच मुलांचे दात कोरले होते. आता दोघंही निवृत्त, एकाच इमारतीत वर-खाली राहणारे. बायको गेल्यापासून मास्तरांची संध्याकाळ डॉक्टरांच्या दिवाणखान्यातच जायची. तिथं दोन कपाटांएवढे स्पीकर होते आणि त्यांच्यामध्ये जेमतेम चालायला वाट होती. पण 'कान नाहीत' हे मास्तरांना त्या दिवशी फारच लागलं.

"परीक्षा घेऊ," ते म्हणाले. "दोघांनी बाल्कनीकडे तोंड करून बसायचं. मागे कुणीतरी नाणं उडवून कधी जुनी वायर लावेल, कधी ही. दहा वेळा. कुठली ते आपण कागदावर लिहायचं."

वायर पोचवायला आलेला दुकानाचा मालक नागी अजून चहा पीत बसला होता. तो आनंदाने तयार झाला. ऊद या तंतुवाद्याची तीच ती तबकडी दहा वेळा वाजली. मास्तर आरामात लिहायला बसले आणि दुसऱ्याच खेपेला दचकले. मगाशी खोलीत एखादा डास गुणगुणत होता आणि आता कुणीतरी तो हाकलून दिला, असं त्यांना स्पष्ट वाटलं. तिसऱ्या खेपेला डास परत आला. आयुष्यभर मुलांना 'दिसतं तेच लिहा' असं बजावणारे मास्तर ऐकू आलं तेच लिहीत गेले.

नागीने कागद तपासले. डॉक्टरांची दहापैकी चार बरोबर होती. मास्तरांची नऊ.

"बाशा," नागी अदबीनं उभा राहून म्हणाला, "असे कान मी बावीस वर्षांत पाहिले नाहीत."

मास्तर आपल्या कागदाकडे बघत राहिले. स्वतःचंच अक्षर त्यांना अनोळखी वाटायला लागलं.

आठवड्याभरात नागीच्या दुकानात त्या वायरीखाली पाटी लागली, 'भौतिकशास्त्राच्या ज्येष्ठ शिक्षकांनी तपासलेली.' ट्रामच्या थांब्यावर अनोळखी माणसं मास्तरांना स्पीकरबद्दल सल्ला विचारू लागली. कैरोहून एका जुन्या विद्यार्थ्याचा फोन आला. तो आता वीज खात्यात मोठा इंजिनिअर होता. "सर," तो आदबीनं म्हणाला, "तुम्ही आम्हाला जे शिकवलंत त्यातलं नक्की काय काय विसरायचं?" मास्तरांनी फोन ठेवला. त्यांनी जुनी पाठ्यपुस्तकं काढून विद्युतप्रवाहाचा धडा दोनदा वाचला. धडा बरोबर होता. नऊ उत्तरंही बरोबर होती.

खरं संकट मात्र जिन्यावरून चालत आलं. डॉक्टरांच्या पत्नी इन्शिराह हातात एक पातेलं घेऊन वर आल्या आणि त्यांनी ते मास्तरांच्या टेबलावर आपटलं.

"वास घ्या."

मास्तरांनी घेतला. द्राक्षाच्या पानात गुंडाळलेला भात पार आंबला होता.

"दिवाणखान्यातला माझा फ्रिजही बिघडलाय, पण ते राहू द्या. डॉक्टर सगळ्या वायरी बदलणार आहेत. त्यासाठी अगामीच्या किनाऱ्यावरची आमची केबिन विकायला काढली आहे. माझी मुलं त्या वाळूत चालायला शिकली, मास्तर. आणि म्हणतात काय, तर हिल्मीला ऐकू येतं म्हणजे फरक आहेच, मलाच आणखी भारी सामान हवं."

"मदाम, मी काय करू? मला खरंच ऐकू आलं."

"आलं नाही म्हणा."

"खोटं बोलू?"

"चौतीस वर्षं खरं बोललात ना? त्या साठलेल्या विश्वासातलं थोडं वापरा. गुरुवारी गिऱ्हाईक येतंय."

गुरुवारी सकाळी मास्तर खाली गेले ते स्वतःशी काहीच न ठरवता. डॉक्टर आतल्या खोलीत केबिनची कागदपत्रं शोधत होते. नवी वायर लावलेली होती, ऊद वाजत होता आणि डास नव्हता. मास्तर भिंतीच्या कडेकडेने सॉकेटकडे निघाले आणि त्यांचे मोजे ओले झाले.

त्यांनी खाली पाहिलं. फ्रिजच्या दारातून पाणी ठिबकत होतं. मागे वाकून पाहिलं तर फ्रिजच्या स्टॅबिलायझरचा प्लग जमिनीवर पडलेला. भिंतीवर सॉकेट शेजारी शेजारी दोन, आणि नव्या वायरीचा तो कपाएवढा प्लग दोन्हींवर ऐसपैस बसलेला. ती लावायची तर फ्रिज काढावाच लागत होता. नागीने दर खेपेला तेच केलं होतं, आणि डॉक्टरही रोज तेच करत होते.

मास्तरांनी निळी वायर काढून जुनी लावली आणि रिकाम्या सॉकेटात स्टॅबिलायझर खुपसला. डास आला. काढला, डास गेला. तबकडी बंद करून प्लग पुन्हा लावला. संगीताशिवायही डास होताच. मास्तरांना इतकं हलकं वाटलं की ते ओल्या मोज्यांनिशी तिथंच जमिनीवर बसले.

"रमझी, इकडे ये. ही शिट्टी ऐक."

डॉक्टर आले. "कसली शिट्टी?"

"ही. आता आहे." मास्तरांनी प्लग काढला. "आता नाही."

"काहीच नाही तिथं."

"आहे की," दारातून इन्शिराह म्हणाल्या. "तीन वर्षं आहे. डोकं उठतं माझं."

डॉक्टरांनी दोघांकडे आळीपाळीने पाहिलं. मग ते खुर्चीवर बसले आणि गुडघ्यावरची पँट नीट करू लागले.

"तबकडीत कानून वाजतो ना, त्याच्या वरच्या तारा हल्ली ऐकू येत नाहीत मला," ते हळूच म्हणाले. "वादक खाली वाजवतो तोवर असतो, पण वर गेला की नाहीसा होतो. वाटलं, अ‍ॅम्प्लिफायर जुना झालाय. मग वाटलं स्पीकर. मग वायर."

चाळीस वर्षं दात कोरायचं यंत्र या माणसाच्या कानापासून वीतभर अंतरावर किंचाळत होतं. मास्तरांना हे कधी सुचलं नव्हतं. वाद जिंकल्यावर काय बोलायचं हे त्यांनी गेले दोन आठवडे घोकलं होतं. त्यातलं एकही वाक्य आता कामाचं नव्हतं.

"कान माझेच बरे आहेत म्हणायचे," ते एवढंच म्हणाले. "उद्या डॉक्टरांकडे जाऊ. दुसऱ्या डॉक्टरांकडे."

गिऱ्हाइकाला इन्शिराहनी दारातच सरबत पाजून वाटेला लावलं.

पंधरा दिवसांनी डॉक्टरांच्या दोन्ही कानांत घेवड्याच्या दाण्याएवढी यंत्रं बसली. दुसऱ्या दिवशी सकाळी दोघं मित्र कानूनची तबकडी लावून बसले. वादक वरच्या तारांवर गेला, तिथं थरथरला आणि सावकाश उतरला. डॉक्टरांनी डोळे मिटून घेतले होते. त्यांची हनुवटी हलत होती. मास्तर खिडकीबाहेर बघत राहिले.

इन्शिराह कॉफीचा ट्रे घेऊन आल्या आणि वर्षानुवर्षांच्या सवयीने ट्रेशीच पुटपुटल्या, "बसलेत बघा दोघं नमाजाला बसल्यासारखे. एकाला कान नाहीत, दुसऱ्याला घर नाही."

"त्याला घर आहे," डोळे न उघडता डॉक्टर म्हणाले. "वरच्या मजल्यावर."

कप बशीत किणकिणले. इन्शिराहनी नवऱ्याच्या कानाकडे निरखून पाहिलं.

"ही यंत्रं तर आज बसवणार होते ना?"

"काल सकाळीच बसवली."

"आणि काल दिवसभर बोलला नाहीत?"

"ऐकत होतो," डॉक्टर म्हणाले.

इन्शिराह ट्रे हातात धरून तशाच उभ्या राहिल्या. काल दुपारी डॉक्टरांची बहीण जेवायला आली होती, आणि तेव्हाही त्या या ट्रेशी बरंच काही बोलल्या होत्या.