हातात दिलेली सुरी

"बाजारातून कोथिंबीर आणि नारळ आणा. सुरीचं नाव काढू नका," असं सौदामिनीबाईंनी रघुवीररावांना दारातच बजावलं होतं. तसं बजावायला कारण होतं. कचेरीतून निवृत्त झाल्यापासून रघुवीररावांना स्वयंपाकाचा नाद लागला होता. अजून त्यांनी काही रांधलं नव्हतं, पण मोबाईलवर बघून बघून एक गोष्ट त्यांच्या मनाने पक्की घेतली होती, की आधी सुरी चांगली हवी. वजन बेताचं हवं, मूठ हातात बसायला हवी आणि सुरी आडवी धरली तर एका बोटावर तोलून राहायला हवी. तशी सुरी मिळेपर्यंत ते विळीवर चिरलेली भाजी नावं ठेवत खात होते.

त्या दिवशी भोंगवलीहून सोनबा आणि साळूबाई हे जोडपं यायचं होतं, रघुवीररावांची मुलगी श्रावणी आणि आपला मुलगा सार्थक यांची सुपारी फोडायला. पोरांनी आपलं आपण जमवलं होतं, पण घरच्यांना राजी करता करता श्रावणी रडकुंडीला आली होती. शेतकऱ्याचं घर म्हणून नाक मुरडण्यात रघुवीररावच पुढे होते. ते सोनबांच्या कानावर गेलं होतं, आणि आता त्याची रघुवीररावांना लाज वाटत होती. आज आपल्या हातून काही वेडंवाकडं होता कामा नये, असं स्वतःला समजावत ते भांड्यांच्या दुकानात शिरले.

दुकानदार हनुमंताने होत्या नव्हत्या तेवढ्या सुऱ्या त्यांच्यापुढे मांडल्या. एक मुठीत जड होती, एक टोकाला. शेवटी एक पसंतीच्या जवळपास आली, तेव्हा कंटाळलेला हनुमंत म्हणाला, "काका, जरा उजेडात नेऊन बघा." रघुवीरराव दुकानाच्या पायरीखाली उतरले आणि भर रस्त्यात एक बोट पुढे करून त्यावर सुरी तोलू लागले. तोल साधतोय न साधतोय तोच समोरून आवाज आला, "रामराम, पाव्हणं."

सोनबा आणि साळूबाई आधीच्या एसटीने आले होते. रघुवीररावांची तारांबळ उडाली. पाहुण्यांना हात जोडायचे, तर हातात सुरी. सुरीसकट हात जोडणं बरं दिसेना, म्हणून ती त्यांनी "जरा धरा हो" म्हणत शेजारच्या माणसाच्या हातात दिली. शेजारी येऊन उभे राहिलेले म्हणजे सोनबाच. त्यांनीही भिडेखातर घेतली.

रघुवीररावांनी वाकून नमस्कार केला आणि वर बघतात तो सगळ्यांचे डोळे सोनबांच्या हातातल्या सुरीवर. समोरच्या गाडीवर भाजी तोलणारी मंगलसुद्धा थांबली होती. सुरी कुणाच्या हातात देत नाहीत. खाली ठेवायची, दुसऱ्याने उचलायची, नाहीतर दोघांचं भांडण होतं. घरात श्रावणी विसरली तर तिला यावरून टोकणारे रघुवीररावच होते.

"हातात दिली?" साळूबाईंनी विचारलं.

"चुकून हो," रघुवीरराव पुटपुटले.

"आन् तुमी घेतली?"

"त्यांनी दिली," सोनबा म्हणाले.

रघुवीररावांनी घाईने हात पुढे केला, तशा साळूबाई कडाडल्या, "आता परत हातात घेऊन दुप्पट करताय व्हय?" सोनबा सुरी धरून तसेच उभे राहिले. साळूबाईंनी जरा विचार केला आणि निकाल दिला. "भांडान व्हायचं ते काय टळत न्हाई. मग पोरांच्या लग्नापातूर कशाला ठिवायचं? हितंच भांडा आन् मोकळं व्हा."

दोघं व्याही एकमेकांकडे बघत राहिले. भांडायला विषय सापडेना. रघुवीररावांनी घसा साफ करून, तुमची एसटी फार लवकर आली, असं जरा रागावून सांगितलं. सोनबांनी लगेच, व्हय, चुकलंच आमचं, म्हणून कबूल केलं.

"आसं भांडत्यात व्हय?" साळूबाई म्हणाल्या.

सोनबांनी नाइलाजाने हातातल्या सुरीकडे बघितलं, दोनदा ती वरखाली केली आणि म्हणाले, "सुरी लई हलकी हाय."

"हलकी नाही, तोलाची आहे."

"कोयत्यागत वजन पायजे. वजनानंच चिरतंय."

"मेथी चिरायची आहे मला, ऊस नाही तोडायचा."

"तुमी कवा चिरली मेथी?"

मंगल फिस्सकन हसली आणि रघुवीररावांचा तोल सुटला. "कोयता चालवणाऱ्यांना यातलं काय कळणार! म्हणूनच मी श्रावणीला पहिल्यापासून सांगत होतो, की त्या घरात..."

पुढचं त्यांनी गिळलं, पण व्हायचं ते होऊन गेलं होतं. धरणीने पोटात घेतलं तर बरं, असं त्यांना मनापासून वाटलं. सोनबांनी खाली वाकून सुरी पायरीवर ठेवली.

"आमीबी सार्थकला सांगत हुतो," ते हळू आवाजात म्हणाले. "कचेरीतली मानसं हायती, आपल्याला मानसात धरायची न्हाईत."

"माझं चुकलं," रघुवीरराव म्हणाले. "तेव्हाही आणि आत्ताही." सोनबांकडे बघायचं धाडस होईना, म्हणून त्यांनी वाकून पायरीवरची सुरी उचलली आणि ती हातात घेऊन तसेच उभे राहिले.

साळूबाईंनी दोघांकडे नीट बघून घेतलं. "झालं. पोटातलं भायेर आलं, आता भांडायला काय ऱ्हायलं न्हाई. चला, च्या तरी पाजा." बाजाराला कशासाठी आला होता, हे विचारून नारळ आणि कोथिंबीरही त्यांनीच घेतली, आणि हनुमंताने कागदात गुंडाळलेली सुरी काखेत मारून रघुवीरराव सगळ्यांच्या मागून चालू लागले.

घरी सुपारी फुटली. श्रावणीच्या चेहऱ्याकडे बघून रघुवीररावांना आणखीच ओशाळं वाटलं, कारण साळूबाईंनी झाला प्रकार एव्हाना तिखटमीठ न लावताही पुरेसा रंगवला होता. सौदामिनीबाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच म्हणाल्या, "बघू ती सुरी."

रघुवीररावांनी मान खाली घालून सुरी जमिनीवर ठेवली. सौदामिनीबाईंनी ती उचलली, हातात तोलली, चार काड्या कोथिंबीर चिरली.

"हलकीच आहे," त्या म्हणाल्या.

सोनबा बशीतल्या चहावर फुंकर घालत बसले होते. त्यांनी मान वर केली नाही. रघुवीररावांनी बोलायला तोंड उघडलं. मग त्यांच्या लक्षात आलं, की या खेपेला सुरी आपण रीतसर खाली ठेवून दिली आहे, तेव्हा आता भांडण होणं शक्यच नाही. त्यांनी तोंड मिटलं.