चालण्याजोगी वस्ती

गाडीची गरजच पडणार नाही असं घर शोधायला फर्गस आणि टॅमसिन हिवाळाभर दर शनिवारी गाडीतून मेलबर्न पालथं घालत होते. फर्गसचं म्हणणं साधं होतं. एडी पुढच्या वर्षी शाळेत जाणार, तर तिला चालत नेता आलं पाहिजे. शाळा चांगली पाहिजे. वाचनालय, बाग, ताजा पाव आणि बरी कॉफी हे सगळं बाबागाडी ढकलत गाठता आलं पाहिजे. अशा वस्त्या होत्या, आणि त्यांत एकच खोट होती. तिथं गाडी लावायला जागा नसे. त्यामुळे चालण्याजोग्या वस्तीभोवती तासभर गाडी फिरवायची, मग गाडीतच भांडायचं, आणि घर बघायची वेळ टळली की परतायचं, असा त्यांचा शनिवार ठरून गेला होता.

शेवटी नॉर्थकोटमधलं एक घर फर्गसच्या मनात भरलं. जाहिरातीत त्याला 'आटोपशीर' म्हटलं होतं. म्हणजे मधल्या बोळातून दोघांना एकमेकांना ओलांडायचं तर आधी चर्चा करावी लागली असती, आणि झोपायच्या खोलीत पलंग ठेवायचा की कपाट, हे एकदाच काय ते ठरवून टाकावं लागलं असतं. पण ते रस्त्याच्या उजव्या बाजूला होतं. तिथल्या शाळेच्या प्रवेशाच्या हद्दीची रेघ बरोबर त्या रस्त्याच्या मधून जात होती. उजवीकडची मुलं त्या नामांकित सरकारी शाळेत हक्कानं जात, डावीकडच्यांनी समोरच्या खिडकीतून त्यांना जाताना बघायचं.

पैसे बोरोनियाच्या घरातून उभे राहणार होते. ते टॅमसिनच्या बाबांचं, डोंगराच्या पायथ्याचं जुनं लाकडी घर. थंडी सुरू होता होता बाबा गेले आणि ते तिच्याकडे आलं. त्याच्यावर विक्रीची पाटीही लागली होती. 'तिथं दुधाची पिशवी आणायलासुद्धा गाडी काढावी लागते,' असं फर्गस म्हणायचा. तो तिथं नेहमी गाडीतूनच गेला होता, त्यामुळे त्याला ते पक्कं ठाऊक होतं. टॅमसिन काही बोलली नव्हती. बाबा गेल्यापासून ती वाद घालायची थांबली होती, आणि फर्गस त्याला आपलं म्हणणं पटल्याचं लक्षण समजत होता.

"लिलावात आपण हरतो, कारण आपण गिऱ्हाईक दिसतो," शुक्रवारी फर्गसनं जाहीर केलं.

"आहोतच ना आपण गिऱ्हाईक?"

"तेच दिसता कामा नये. इस्त्रीचे कपडे, हातात माहितीपत्रक, तोंडावर काळजी. दलाल लांबूनच ओळखतो आणि भाव चढवतो. शेजाऱ्यांकडे कोण बघतं का? शेजारी चपला घालून येतात, हातात घरचा कप, सोबत कुत्रा. फुकटचा तमाशा बघायला येतात."

यात काही खोटं नव्हतं. मेलबर्नमध्ये घराचा लिलाव घरासमोर, भर रस्त्यात होतो, आणि सगळी गल्ली हजर असते. घेणारे चार, बघणारे चाळीस.

"आणि आपला कुत्रा?" टॅमसिननं विचारलं.

"ग्रेव्ही आहे की."

ग्रेव्ही ही फर्गसच्या बहिणीची ग्रेहाउंड. शर्यतीतून निवृत्त झालेली. तिनं आयुष्याचं सगळं पळणं उरकून घेतलं होतं आणि चालण्याबद्दल तिला आता फारसं ममत्व उरलं नव्हतं. बहीण महिनाभर क्वीन्सलंडला गेली होती, आणि जाताना कुत्री, तिचं अंथरूण आणि तिचा लोकरी सदरा यांच्याकडे सोपवून गेली होती.

शनिवारी त्यांनी गाडी बरीच लांब लावली, कारण शेजारी गाडीनं येत नाहीत. फर्गसनं मुद्दाम विटका सदरा आणि रबरी चपला घातल्या होत्या. एडी बाबागाडीत होती. पहिल्याच कोपऱ्यावर ग्रेव्ही थांबली. बसली नाही, भुंकली नाही. पुतळ्यासारखी उभी राहिली.

"चल, बाई," फर्गस म्हणाला.

ग्रेव्हीनं दूरवर बघितलं.

"ती चालत का नाही?" एडीनं विचारलं.

"तिला ही वस्ती चालण्याजोगी वाटत नसेल," टॅमसिन म्हणाली.

लिलावाची वेळ झाली होती. फर्गसनं त्या लांबलचक कुत्रीला दोन्ही हातांवर उचललं, आणि नवरा नवरीला घेऊन येतो तसा तो गर्दीत दाखल झाला. शेजारी म्हणून कोणाचं लक्ष जाऊ नये अशी योजना होती. गल्लीतल्या यच्चयावत माणसांनी वळून बघितलं.

कुंपणाला टेकून एक म्हातारी चहा पीत होती. ग्वेंडा तिचं नाव. ती लिलावाच्या घराला लागूनच राहत होती.

"बिचारीच्या पायाला लागलंय का?"

"नाही, ती दमलीये," फर्गस म्हणाला. "रोज या वेळी दमते."

"रोज? मी कधी बघितलं नाही तुम्हाला. कुठलं घर तुमचं?"

फर्गसनं येताना एकच घर नीट बघितलं होतं. "ते कोपऱ्यावरचं. हिरव्या कुंपणाचं."

"हो का? ते माझ्या बहिणीचं."

"आम्ही भाड्यानं आहोत. मागच्या खोलीत."

"मागं कोंबड्या असतात तिच्या," ग्वेंडा म्हणाली आणि चहाचा घोट घेतला. "बाकी जागा ऐसपैस आहे. जमत असेल तुमचं."

टॅमसिनला तिथंच रस्त्यानं पोटात घ्यावं असं वाटलं. पण ग्वेंडा रागावली नव्हती. बऱ्याच दिवसांनी काहीतरी चांगलं बघायला मिळाल्यासारखी ती आणखी ऐसपैस टेकली.

एवढ्यावर फर्गसनं थांबायला हवं होतं. पण त्याच्या शेजारी एक जोडपं येऊन उभं राहिलं, इस्त्रीचे कपडे, माहितीपत्रक, जुळी मुलं आणि तोंडावर काळजी. खरी गिऱ्हाइकं. त्यातल्या बाईनं फर्गसला विचारलं, "तुम्ही इथलेच का हो? कशी आहे गल्ली?"

"छान आहे," फर्गस म्हणाला. मग आवाज खाली आणून, "म्हणजे, गटाराचा वास सोडला तर. उन्हाळ्यात जरा होतो. सवय होते पण."

"आणि शाळा? चालत जाता येतं म्हणतात."

"जाता येतं की. आता वसंतात मॅगपाय पक्षी तेवढे डोक्यावर झडप घालतात. त्या वाटेवर फारच. परवा एका पोराच्या डोक्याला टाका घालावा लागला."

बाईनं जुळ्यांच्या डोक्यांकडे बघितलं. फर्गसनं टॅमसिनकडे विजयी नजर टाकली. आणि ग्वेंडानं कप कुंपणावर ठेवला.

आपल्या गल्लीत गटाराचा वास येतो हे ग्वेंडाला इतक्या वर्षांत कधी कळलं नव्हतं, आणि पुढल्या वर्षी तिला स्वतःचं घर विकायचं होतं. तिनं लिलाव करणाऱ्या दलालाला हाक मारली. "झेन, बाळा, इकडे ये. वस्तीबद्दल तू कशाला सांगतोस? तुला पैसे मिळतात, तुझ्यावर कोण विश्वास ठेवणार? हे बघ आमचे शेजारी. रोज पोरीला घेऊन शाळेच्या वाटेनं चालतात. त्यांना बोलू दे."

झेनच्या अंगावर निळा सूट होता आणि पायांत मोजे नव्हते. अशी संधी त्याला आयुष्यात मिळाली नव्हती. "मंडळी, याला म्हणतात वस्ती," तो गरजला. "या, या, पुढे या."

फर्गस पुढे झाला आणि गर्दी शांत झाली. "शाळेची वाट," तो म्हणाला, "वाट... आहे." ग्वेंडा त्याच्याकडे मायेनं बघत होती. गटार हा शब्द तिच्यासमोर त्याच्या तोंडातून फुटेना. त्यानं कुत्रीच्या डोक्याआडून टॅमसिनला खुणावलं. बोल, काहीतरी वाईट बोल.

टॅमसिनला खोटं सुचलं नाही. तिला एकच शाळेची वाट माहीत होती.

"फाटकातून निघालं की डावीकडे एक लिंबाचं झाड लागतं," ती म्हणाली. "फांद्या कुंपणाबाहेर आलेल्या असतात. खालची लिंबं कोणीही घ्यावीत, अशी पद्धत आहे. पुढे उतार लागतो. तिथं बाबा हात सोडतात, कारण उतारावर पळायचं असतं. खाली दुकान आहे, तिथला म्हातारा रोज विचारतो, आज शाळेत कोण चाललंय, तू की बाबा? मॅगपाय असतात. म्हणून बाबा आइस्क्रीमचा रिकामा डबा डोक्यावर घालतात. डब्याला मागून डोळे काढलेले असतात. पाखराला वाटतं, हा माणूस मागेही बघतोय. रस्त्यात माणसं हसतात. बाबांना काही वाटत नाही. शाळेच्या फाटकापाशी डबा काढतात, वाकून नमस्कार करतात आणि परत डोक्यावर घालून निघून जातात. आपण आत जाऊन बघितलं की त्या डब्याचे डोळे आपल्याकडे बघत लांब जाताना दिसतात." ती थांबली. "बास. एवढंच."

जुळ्यांच्या आईनं नाक पुसलं. रस्त्याच्या डावीकडचे लोकही गहिवरले, गल्लीत लिंबाचं झाड कुठं आहे हे त्यांनाही माहीत नसताना.

"मंडळी," झेन घोगऱ्या आवाजात म्हणाला, "सुरुवात कोण करतंय?"

जुळ्यांच्या आईनं नवऱ्याला विचारलंही नाही. पहिल्याच दमात तिनं जो आकडा सांगितला तो फर्गसच्या शेवटच्या आकड्याला खेटून होता. मागच्या एका आजोबांनी तो वाढवला. त्यांना नातवंडंही नव्हती, त्यांना नुसती ती वाट हवी होती. फर्गस हात वर करायला धडपडला, पण दोन्ही हातांत ग्रेव्ही. त्यानं तिचाच पंजा वर केला.

"शेजारीण बाई पण बोली लावतायत," झेन म्हणाला आणि सगळे मनापासून हसले. हसणं थांबेपर्यंत घर फर्गसच्या हाताबाहेर गेलं होतं. ते जुळ्यांच्या आईला मिळालं. तिनं येऊन टॅमसिनला मिठी मारली. "आता भेटूच रोज," ती म्हणाली. "लिंबाच्या झाडापाशी."

परतताना गाडीत ग्रेव्ही मागच्या बाकावर आडवी झाली.

"ते घर आपल्याला हवं होतं," फर्गस म्हणाला.

"हो."

"मग विकून का टाकलंस?"

"मी कुठं विकलं? तू म्हणालास बोल, मी बोलले."

पुढच्या सिग्नलला फर्गसनं विचारलं, "ते दुकान, उतार, लिंबं... ते कुठलं आहे?"

"बोरोनियाचं."

"तिथं शाळेत चालत जाता येतं?"

"तू कधी विचारलं नाहीस."

दर वेळी बोरोनियाच्या घराच्या अगदी पायरीशी गाडी लावून फर्गसनं दार उघडलं होतं, आणि त्यापलीकडे काय आहे हे बघायची त्याला कधी गरज पडली नव्हती.

पुढच्या शनिवारी बोरोनियाचं घर लोकांना बघायला खुलं होतं. मालकांनी त्या वेळी फिरकू नये अशी दलालबाईंची, म्हणजे मेरिनची, सक्त ताकीद होती. मालक भावनेच्या भरात बोलतात. पण एडीचा स्वेटर तिथं राहिला होता, आणि स्वेटर आणायला ताकीद लागू नसावी असं टॅमसिननं धरलं.

फाटकाबाहेर थोडी गर्दी होती. एक तरुण जोडपं घरून आणलेले कप घेऊन उभं होतं. पायांत चपला. बाजूला एक छोटा कुत्रा शहाण्यासारखा बसला होता.

"आम्ही इथलेच," तो तरुण एका कुटुंबाला सांगत होता. "चांगलं आहे घर. पण मागच्या नाल्याचा वास... आणि शाळा. चालत जायचं म्हणाल तर विसरा."

फर्गस जाणकाराच्या नजरेनं बघत राहिला. "कुत्र्यात चुकलंय त्यांचं," तो पुटपुटला. "इतका ऐकणारा कुत्रा उसनाच असणार."

टॅमसिन सरळ त्यांच्याकडे गेली. "कुठलं घर तुमचं?"

तरुणानं इकडेतिकडे बघितलं. "ते पांढऱ्या फाटकाचं."

"हो का? मागं कोंबड्या आहेत, तेच ना?"

"हो," तो कृतज्ञपणे म्हणाला. "तेच."

पांढऱ्या फाटकामागे दाताचा दवाखाना होता. टॅमसिननं ते सांगितलं नाही. ती त्या कुटुंबाकडे वळली आणि उसासा टाकला. "यांचं अगदी बरोबर आहे. वास तर येतोच. छपरात मांजराएवढा पॉसम आहे, रात्रभर फर्निचर हलवल्यासारखा चालतो. न्हाणीघराचं दार पाऊस पडला की बंद होत नाही, आणि थांबला की उघडत नाही."

तरुणाचा चेहरा उजळला. इतकी चांगली साथ त्याला अपेक्षित नव्हती. फर्गसनं मात्र बायकोकडे बघितलं, मग घराकडे, मग खाली जाणाऱ्या उताराकडे. तो हळूच पुढे झाला.

"आणि गाडी लावायला जागा भरपूर आहे," तो त्या कुटुंबाला गंभीरपणे म्हणाला. "अशी वस्ती कधी चालण्याजोगी असते का?"

कुटुंब गेलं. त्यांच्यामागे आणखी दोघं गेली. शेवटी ते चपलावालं जोडपंही चुळबुळू लागलं. स्वतःच सांगितलेलं आता त्यांनाही खरं वाटायला लागलं होतं. कुत्र्यासकट तेही निघून गेले.

मेरिन धावत बाहेर आली. "टॅमसिन, हे काय चाललंय? घर तुमचं आहे. तुम्ही कोणाच्या बाजूनं आहात?"

"शेजाऱ्यांच्या," टॅमसिन म्हणाली. "आता इथंच राहायचंय म्हटल्यावर, त्यांच्याच बाजूनं असलेलं बरं. ती पाटी काढून घ्याल का?"

मेरिननं फर्गसकडे आशेनं बघितलं. तो बाबागाडीची घडी घालून गाडीत ठेवत होता.

तेवढ्यात एडी मागच्या पडवीतून आली. स्वेटर तिला सापडला नव्हता. डोक्यावर, कानांपर्यंत आलेला, पिवळा पडलेला आइस्क्रीमचा डबा होता. मागचे डोळे पुसट झाले होते, पण उघडे होते.

"हे कोणाचे डोळे?"

"आजोबांनी काढलेत," टॅमसिन म्हणाली आणि तिचा हात धरला. "चल, शाळा दाखवते."

त्या दोघी निघाल्या. ग्रेव्ही एक क्षण पुतळ्यासारखी उभी राहिली, तिनं उताराकडे बघितलं, आणि कोणी न सांगता त्यांच्यामागे चालू लागली. फर्गस सगळ्यात मागे, दोन्ही हात प्रथमच मोकळे सोडून, लिंबाचं झाड शोधत चालला होता.

तारेवर बसलेल्या मॅगपायनं एकेकाला निरखून बघितलं. डब्याचे डोळे त्याच्याकडेच रोखलेले होते. मग त्यानं मान कलती केली आणि मागून येणाऱ्या फर्गसकडे बघितलं. फर्गसच्या डोक्यावर डबा नव्हता.